नागपूरच्या बंगल्यात कोजनरेशन: आधी बंबाचा हिशोब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हालाही समजेल. बेसा भागात नवीन बंगला बांधताय. घरात पाच माणसं, दोन एसी, दोन कूलर, दोन गिझर, आणि वर्षाला साधारण ५,००० युनिट वीज. मुलगा जर्मनीत आहे. त्याच्या घरमालकाच्या तळघरात फ्रीजच्या आकाराचं एक यंत्र आहे. ते गॅस जाळून वीज बनवतं आणि उरलेल्या उष्णतेवर घर आणि पाणी तापवतं. इंधनातली नव्वद टक्के ऊर्जा कामी येते म्हणून मुलाचा आग्रह आहे की बाबा, तुम्हीही असंच बसवा. पाइपाचा गॅस आज ना उद्या तुमच्याकडे येईल असं तुम्ही धरलंय आणि सहा लाख बाजूला ठेवलेत. विचारताय तीन गोष्टी: बिल किती उतरेल, उन्हाळ्यात त्याच उष्णतेवर एसी चालेल का, आणि लाइन गेली तर घर चालू राहील का.

उत्तर आधीच सांगून टाकतो: बसवू नका. पण नुसतं ‘नका’ म्हणणाऱ्यावर विश्वास कोण ठेवतो? आणि हे वाचणाऱ्यांत एखाद्याचं घर असंही असेल की त्याला मी ‘बसवा’ म्हणेन. म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

मी बॉयलर, वाफ आणि जनसेटमधला, म्हणजे इंजिनावरच्या जनरेटरमधला माणूस. उमेदीची वर्षं हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत गेली, मधेमधे भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिल. कोजनरेशन, सरकारी मराठीत सहवीजनिर्मिती, म्हणजे एकाच इंधनातून वीज आणि कामाची उष्णता दोन्ही काढणं. ती मी बसवलेलीही आहे आणि स्वतःच्या हातांनी काढून भंगारातही दिलेली आहे. दोन्ही गोष्टी पुढे सांगतो.

माझ्या आजीकडे इतवारीतल्या वाड्यात अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तो घासूनपुसून बाहेर यायचा, मागच्या अंगणात बंबफोड लाकडं रचलेली असायची, आणि संक्रांत उलटली की महिन्याभरात तो परत माळ्यावर जायचा. तुमच्या मुलाने पाहिलेलं यंत्र म्हणजे डायनामो जोडलेला बंब. लोक त्याला उष्णता देणारा जनरेटर समजतात आणि तिथेच सगळा हिशोब चुकतो. ते मुळात उष्णतेचं यंत्र आहे, वीज हा त्याचा जोडधंदा. म्हणून यंत्र चांगलं आहे का, हे नंतर पाहू. तुमच्या घरात वर्षातून किती तास बंब पेटता ठेवावा लागतो, हे आधी विचारायला हवं.

आता आकडे. जपानमध्ये होंडाच्या छोट्या गॅस इंजिनावर चालणारं ‘इकोविल’ नावाचं घरगुती यंत्र २००३ मध्ये बाजारात आलं. त्याचं नंतरचं मॉडेल एका तासाला १ युनिट वीज आणि सुमारे अडीच युनिट उष्णता द्यायचं, ही गरम पाण्याच्या रूपात. त्यात इंधनाच्या शंभर भागांपैकी साधारण २६ भागांची वीज व्हायची आणि ६५ च्या आसपास भाग गरम पाण्यात जायचे. मुलगा नव्वद टक्के म्हणतोय ते हेच, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त त्या नव्वदातले पासष्ट गरम पाण्याचे आहेत. पाणी कोणी वापरलं नाही तर हातात उरतात सव्वीस.

सव्वीस म्हणजे किती, हे कळायला लांब जायला नको. आपल्या कोराडी वीजकेंद्राचे ६६० मेगावॉटचे संच कोळशाच्या शंभरातून अडतीस-चाळीसची वीज काढतात. बाकीची उष्णता कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून हवेत जाते. ती थंड करायला इतकं पाणी लागतं की भांडेवाडीला प्रक्रिया केलेलं आपल्या शहराचं सांडपाणी तिकडे नेलं जातं. उष्णता फेकून देऊनही कोराडी तुमच्या बंगल्यातल्या इंजिनापेक्षा पुढे आहे. तारांमधली गळती धरली तरी पुढेच. तेव्हा घरच्या यंत्राचा सगळा मोठेपणा उष्णता वापरण्यात आहे. ती वापरली गेली नाही तर ते महागड्या इंधनावरचं लहानसं, कमी कार्यक्षम वीजकेंद्र उरतं. गॅस स्वच्छ असतो हा मुद्दाही इथे फार टिकत नाही. गॅसच्या दर युनिट उष्णतेमागे ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सव्वीस टक्क्यांनी वीज केली आणि उष्णता वाया गेली, तर विजेच्या एका युनिटमागे पाऊण किलोच्या वर जातो. आपल्या कोळसाप्रधान ग्रिडचा सरासरी आकडाही ०.७ किलोच्या आसपासच आहे.

आता तुमच्या घराचा बंब मोजू. पाच माणसं, माणशी बादली-दीड बादली, वर थोडं स्वयंपाकघरात. दिवसाला १५० लिटर गरम पाणी धरू. डिसेंबरात टाकीतलं पाणी २० अंशांना असतं, ते ४५ ला न्यायचं. १५० गुणिले २५, म्हणजे ३,७५० किलोकॅलरी. ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, तेव्हा ८६० ने भागलं की जवळजवळ साडेचार युनिट. टाकी-पाइपातलं नुकसान धरून पाच म्हणू. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नव्वद दिवस हे असं. पावसाळ्यात आणि आगेमागे साठ-ऐंशी दिवस कोमट पाणी लागतं, तिथे निम्मं धरा. सगळं मिळून वर्षाला ६५० युनिट उष्णता.

उरलेले महिने? मार्च संपता संपता आपल्याकडे दुपारी नळ सोडला की हात भाजतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, टाकीतलं पाणी अंघोळीला घ्यायला रात्र व्हावी लागते. २३ मे २०१३ ला नागपूरला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा गावात मे महिन्यात पाणी तापवायचं यंत्र चालवायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. थंडी पडत नाही असं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला होता. पण त्या थंडीत आपण स्वेटर काढतो, शेकोटी पेटवतो, घर तापवत नाही. घर तापवायला नळ्याच नाहीत, आणि चार रात्रींसाठी कोणी बसवणारही नाही.

६५० युनिट उष्णता अडीचच्या वेगाने काढायची तर यंत्र वर्षाला २६० तास चालेल. वर्षात तास असतात ८,७६०. जर्मनीत अशी यंत्रं परवडण्यासाठी वर्षाला चार-पाच हजार तास चालली पाहिजेत असं धरतात, आणि तिथे ऑक्टोबर ते एप्रिल घर तापवावं लागतं म्हणून ती चालतातही. तिथल्या एका घराला वर्षाकाठी पंधरा-वीस हजार युनिट उष्णता सहज लागते. तुमच्या सहाशे पन्नासच्या शेजारी तो आकडा ठेवून पाहा.

पैशांचं गणित करू. इथे मी काही दर धरतोय. गॅसचे आणि विजेचे दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या बिलावरचे खरे आकडे घालून गणित पुन्हा करा. २६० तासांत वीज मिळेल २६० युनिट, म्हणजे तुमच्या गरजेच्या पाच टक्के. हिवाळ्यात तुमचा वापर मधल्या स्लॅबमध्ये असतो, युनिटला १२ रुपये धरले तर ३,१०० रुपये वाचले. गिझरची ६५० युनिट वाचली, ते ७,८०० रुपये. एकूण १०,९००. गॅस लागेल १,००० युनिट उष्णतेचा. एका घनमीटरमध्ये साडेनऊ युनिट धरली तर १०५ घनमीटर, ५५ रुपयांनी ५,८००. हातात राहिले वर्षाला पाच हजार. सहा लाखांचं यंत्र, वर्षाला पाच हजार. भागाकार करत नाही, तुमच्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत जातो. त्यात एकदा मेकॅनिक येऊन तेल बदलून गेला की ते पाच हजारही गेले.

त्या १०,९०० मधले ७,८०० तर साध्या गॅस गिझरनेही वाचतात. गिझर सहा-सात हजारांना मिळतो आणि त्या ६५० युनिट उष्णतेसाठी गॅस जळतो साडेचार हजारांपेक्षा कमीचा. म्हणजे कोजनरेशनमुळे जास्तीचं काय मिळालं, तर वर्षाला दीड-दोन हजार रुपये. मुलाला हे गणित दाखवा. इंजिनिअर असेल तर लगेच पटेल.

काही जण इथे म्हणतील की गरम पाणी जाऊ द्या, विजेसाठीच चालवू, उन्हाळ्यात सातशे युनिटच्या बिलात वरचा स्लॅब काय भयंकर लागतो! बरोबर आहे, पाचशेच्या वरच्या युनिटला २०२४-२५ मध्ये वहन आकार धरून सतरा-अठरा रुपये आणि वर वीज शुल्क, हे मीही भरलंय. पण या यंत्राला एक युनिट विजेसाठी ३.८५ युनिट गॅस लागतो. ५५ च्या दराने तेच २२ रुपये झाले. देखभालीचे दोन-तीन रुपये वेगळे. महावितरणच्या सगळ्यात महाग युनिटपेक्षाही महाग वीज आपण घरी बनवली, आणि वर मे महिन्यात आणखी उष्णता अंगणात सोडली.

पाइपाचा गॅस येईपर्यंत सिलेंडरवर चालवू, असा विचार मनात असेल तर तोही काढून टाका. घरगुती १४.२ किलोचं सिलेंडर स्वयंपाकासाठी आहे, इंजिनाला लावणं बेकायदेशीर आहे. १९ किलोच्या व्यावसायिक सिलेंडरमध्ये साधारण २४० युनिट उष्णता असते, त्यातून वीज निघेल साठ-बासष्ट युनिट. सिलेंडर १,८०० रुपयांचं धरलं तर युनिट तीस रुपयांच्या घरात. जनसेटच्या डिझेलच्या पंगतीत जाऊन बसलं हे. आणि पाइपाच्या गॅसचं म्हणाल तर समृद्धीच्या कडेने येणारी मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी हा एक भाग झाला. शहराच्या टोकापासून तुमच्या गल्लीपर्यंतचं जाळं हा दुसरा. गल्लीत मीटर लागलेलं दिसेपर्यंत त्याच्या भरवशावर काही विकत घेऊ नये.

तुमचा दुसरा प्रश्न मला आवडला, कारण तो विचार करून विचारलाय. उन्हाळ्यात उष्णता वाया जाते ना, मग त्याच उष्णतेवर थंडावा का नको? होतो. त्याला व्हेपर अॅब्सॉर्प्शन मशीन म्हणतात, आम्ही नुसतं ‘व्हॅम’ म्हणतो. गरम पाणी किंवा वाफ दिली की ते थंड पाणी देतं. पुण्याची थरमॅक्स ही यंत्रं बनवते, मोठ्या हॉस्पिटलांत, कारखान्यांत ती आहेत. दिल्लीत एम्सच्या ट्रॉमा सेंटरला गॅस इंजिनावर वीज, उष्णता आणि थंडावा असा तिहेरी प्रकल्प झालेला आहे. तेव्हा कल्पना खोटी नाही.

घरात ती कुठे अडते ते पाहा. साधं, एका टप्प्याचं व्हॅम एक भाग उष्णता घेऊन ०.७ भाग थंडावा देतं. तुमच्या यंत्राची अडीच युनिट उष्णता म्हणजे पावणेदोन युनिट थंडावा, अर्धा टन. तेही पाणी ८५-९० अंशांचं मिळालं तर. छोटी यंत्रं सत्तर-पंचाहत्तरचंच देतात. उलट त्याच यंत्राची १ युनिट वीज चांगल्या इन्व्हर्टर एसीला दिली तर तीन-साडेतीन युनिट थंडावा मिळतो, म्हणजे जवळपास एक टन. सगळी उष्णता मिळून जे करते, त्याच्या दुप्पट काम एकटी वीज करते. आणि अर्ध्या टनाचं व्हॅम कोणी बनवून दुकानात ठेवलेलं नाही. जपानी याझाकीचं लहान मॉडेल १७.६ किलोवॉटचं, म्हणजे पाच टनांचं आहे. त्याला ८८ अंशांचं पाणी आणि २५ किलोवॉट उष्णता लागते. म्हणजे इंजिन दहा किलोवॉटच्या आसपासचं आलं. शिवाय गच्चीवर कूलिंग टॉवर, जो ही २५ आणि ती १७.६ मिळून ४२ किलोवॉटच्या वर उष्णता हवेत टाकणार. आपली कोरडी हवा टॉवरला फार मानवते, हे नागपूरच्या बाजूचं खरं. पण त्यासाठी तासाला साठ-सत्तर लिटर पाणी वाफ होऊन जाईल. दहा तास चालवलं तर टँकरवाल्याशी मैत्री करावी लागेल.

आणि कोरड्या हवेत पाण्याच्या वाफेने गारवा करायचा तर त्याचं यंत्र आपल्या घराघरात आहेच. दोनशे वॉटचा कूलर, वाळ्याच्या ताट्या. तासाला ०.२ युनिट. एवढ्या स्वस्तात थंडावा देणारं दुसरं काही मी आजवर पाहिलेलं नाही, आणि पाहिलंय पुष्कळ. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर बिचारा हरतो आणि एसी लागतो, तेवढं सोडून द्या.

तिसरा प्रश्न लाइन जाण्याचा. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. ग्रिडला जोडलेलं यंत्र ग्रिड गेलं की स्वतःहून बंद होतं, कारण खांबावर चढलेल्या वायरमनच्या तारेत तुमची वीज जाता कामा नये. लाइन नसताना चालायचं असेल तर वेगळी व्यवस्था, वेगळा स्विच, कधी वेगळं मॉडेलच घ्यावं लागतं. आणि एक किलोवॉटवर एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना ते इंजिन धापा टाकेल. लाइन जाणं ही तुमची खरी अडचण असेल तर इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, पन्नास हजारांच्या आत विषय मिटतो.

जादा वीज महावितरणला देण्याचंही तसंच. छतावरच्या सोलरसाठी जे नेट मीटरिंग आहे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोय, ते वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार नवीकरणीय ऊर्जेसाठी आहे. पाइपाच्या गॅसवरचं इंजिन त्यात बसत नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे हे सगळं पुस्तकातून लिहिलंय असं वाटायला नको. भारनियमनाच्या काळात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलला १२५ केव्हीएचा डिझेल जनसेट होता आणि रोज तासन्‌तास चालायचा. सायलेन्सरमधून चारशे अंशांची हवा वर जाते आणि खाली बॉयलरमध्ये डिझेल जाळून पाणी तापतंय, हे मला पाहवेना. मी डॉक्टरसाहेबांना पटवलं, धुराड्यावर हीट एक्स्चेंजर चढवला, गरम पाण्याची टाकी बसवली. पहिले सहा महिने माझं फार कौतुक झालं. मग दोन गोष्टी झाल्या. बोअरचं जड पाणी मी थेट एक्स्चेंजरमधून फिरवलं होतं, त्याच्या नळ्या आतून चुन्याने अशा भरल्या की त्यातून सळईही जाईना. मदतनीस गणपत म्हणाला, “साहेब, हे तर शहाबादी फरशी झाली ना आतून.” ती चूक सॉफ्टनर लावून निस्तरली. दुसरी निस्तरता आली नाही. भारनियमन कमी होत होत थांबलं. जनसेट महिन्यातून दोन तास चालायला लागला. वॉर्डांत गरम पाणी मात्र रोज लागत होतं. शेवटी साहेबांनी छतावर सोलर हीटर लावले आणि मी तो एक्स्चेंजर काढून भंगारात दिला.

त्या हॉस्पिटलला उष्णतेची गरज रोजची होती. पण यंत्र चालणार की नाही, हे मी लाइन जाण्यावर सोपवलं होतं. तुमच्या घरी याच्या उलट होईल: यंत्र चालवायला तयार आहे, उष्णतेची गरज नाही. दोन्हीकडे शेवट भंगारवाल्याकडेच.

जिथे जमलं ते उदाहरण बुटीबोरीचं. कापड रंगवायचा कारखाना, बावीस तास वाफ लागते, वर्षातले सव्वातीनशे दिवस. बॉयलर १० किलो दाबाची वाफ बनवायचा आणि रंगाच्या टाक्यांना लागायची ३ किलोची. मधला दाब एक व्हॉल्व्ह, आमच्या भाषेत पीआरव्ही, नुसता मारून टाकायचा. आम्ही त्या व्हॉल्व्हच्या जागी छोटं टर्बाइन बसवलं. वाफ त्यातून जाताना वीज देते आणि पुढे टाक्यांना उष्णताही देते. वाफ तशीही बनतच होती, त्यामुळे ही वीज जवळजवळ फुकटची. साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडावर हेच मोठ्या प्रमाणावर चालतं: रस आटवायला वाफ हवीच असते, तिच्या वाटेत टर्बाइन. दोन्ही ठिकाणी उष्णतेचं गिऱ्हाईक आधी दारात उभं होतं, वीज मागून आली.

आतापर्यंतचं चार ओळींत: तुमच्या घरी उष्णता लागते वर्षाला अडीचशे-तीनशे तासांची, यंत्राला हवेत चार हजार तास. नुसत्या विजेसाठी चालवलं तर महावितरणपेक्षा महाग. उष्णतेवर एसी घरगुती आकारात होत नाही. लाइन गेली तर बहुतेक यंत्रं बंदच.

जर्मनी आणि जपानचं काय मग? तिथेही सगळ्या घरांना ते परवडतं असं समजू नका. जर्मनीतलं ‘डाक्स’ हे नावाजलेलं यंत्र ५.५ किलोवॉट वीज आणि साडेबारा किलोवॉट उष्णता देतं. ते दोन-तीन बिऱ्हाडांच्या जुन्या घराला किंवा छोट्या हॉटेलला शोभतं, नव्या चांगल्या इन्शुलेशनच्या एकट्या घराला ते जास्तच होतं. साडेतीन हजार तासांनी त्याची सर्व्हिसिंग असते, म्हणजे तिथे वर्षातून साधारण एकदा, आणि तो माणूस गावातच असतो. जपानमध्ये रोज रात्री मोठं टब भरून गरम पाण्यात बसायची पद्धत आहे, म्हणून छोटं यंत्रही तिथे चाललं. तरी होंडाने त्या इंजिनाचं उत्पादन २०१७ मध्ये थांबवलं. आता तिथे इंजिनाऐवजी फ्युएल सेल, म्हणजे गॅसपासून रासायनिक क्रियेने थेट वीज बनवणारे संच, ‘एने-फार्म’ या नावाने २००९ पासून विकले जातात. त्यांत वीज जास्त आणि उष्णता कमी निघते. आपल्या हवेला ते तत्त्व जास्त जवळचं आहे, हे मी मान्य करतो. पण तिथे सरकारी अनुदानाच्या आधाराने वाढलेली वस्तू इथे नागपुरात एकट्याने आयात करून, बिघडली तर दुरुस्त कोण करणार? पार्ट तिकडून, मेकॅनिक तिकडून, आणि मधे कस्टम.

घरगुती पातळीवर मी कोणाला ‘हो’ म्हणेन? धंतोली-रामदासपेठेत खाली नर्सिंग होम आणि वर डॉक्टरांचं घर अशा इमारती आहेत. तिथे चादरी धुणं, उपकरणं उकळणं, वॉर्डातल्या अंघोळी, सगळं बारमाही. खाली खानावळ किंवा लॉन्ड्री आणि वर बिऱ्हाड असलं तरी तेच. अशा ठिकाणी पाइपाचा गॅस आला की गणित मांडून पाहण्यासारखं आहे. फक्त यंत्राचा आकार विजेच्या बिलावरून ठरवू नका. मे महिन्यातल्या सगळ्यात कमी उष्णतेच्या दिवशी जेवढी उष्णता लागते, तेवढंच यंत्र घ्या. विकणारा नेहमी विजेवरून आकार काढतो आणि दुप्पट मोठं गळ्यात मारतो.

काटोल, कळमेश्वरकडे गोठा असलेले शेतकरी गोबर गॅसवर इंजिन लावायचं विचारतात. एका घनमीटर गोबर गॅसमधून दीड युनिट वीज निघते, आणि घनमीटरभर गॅसला पंचवीस किलो शेण लागतं. दहा जनावरांच्या गोठ्यातून दिवसाला सहा युनिट वीज फार तर. त्यापेक्षा तो गॅस चुलीला लावा, सिलेंडर वाचतं. पन्नास जनावरं आणि दुधाची भांडी धुवायला रोज गरम पाणी लागत असेल तर मात्र बोलू.

आवाजाचं राहिलं. परदेशी यंत्रं बंद कपाटात असतात, फार आवाज करत नाहीत. पण हा लेख वाचून कोणी देशी छोट्या जनसेटला जुगाड करून नळ्या गुंडाळायला जाईल, त्याच्यासाठी: जनसेटला एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत परवानगी आहे, आणि आपल्या प्लॉटांत दोन घरांमधलं अंतर किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. धूर खिडकीपासून लांब काढावा लागतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये तर चुकूनही नाही.

आता तुमच्या सहा लाखांचं. त्यातले दोन लाख पुरेत. तीन किलोवॉटचं सोलर छतावर टाका. नागपुरात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे वर्षाला चार हजारांच्या वर, तुमच्या गरजेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे. एसी दोनाचे तीन होणार असतील तर चार-पाच किलोवॉट घ्या, अनुदान तेवढंच राहील. वीज सगळ्यात जास्त कधी लागते? भर उन्हाळ्यात. आणि सोलरकडून मिळते कधी? तेव्हाच. पॅनेल तापली की थोडी कमी देतात, धुळीने आणखी थोडी, पण मार्च ते मे महिन्यात पंधरा दिवसांनी सकाळी पाणी मारलं तरी भागतं.

गरम पाण्याला दोन वाटा आहेत. दोनशे लिटरचा सोलर हीटर घ्या, पण बोअरचं पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांचा नको, काचेच्या ट्यूबचा घ्या, नाहीतर माझ्या एक्स्चेंजरसारखं होईल. किंवा छतावर विजेचं सोलर असणारच आहे, तर साध्या गिझरला टायमर लावून दुपारी पाणी तापवून ठेवा. हीट पंपचा गिझर आणखी बरा. तो हवेतली उष्णता घेऊन एका युनिटचं तीन-साडेतीन युनिटचं काम करतो, आणि उष्णता हीच नागपूरच्या हवेत फुकट मिळणारी वस्तू आहे. पण पाच माणसांसाठी मला तो थोडा महागच वाटतो. तुमच्या जागी मी टायमर लावला असता.

गॅसची लाइन गल्लीत आली तर जरूर घ्या, स्वयंपाकघरासाठी. बांधकाम चालू आहे तोवर भिंतीतून एक नळी स्वयंपाकघरापर्यंत काढून ठेवा, पुढे फोडाफोड नको. आणि मिस्त्रीला आजच सांगा की गच्चीवरची पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेच्या कोपऱ्यात घ्यायची. दक्षिणेला घेतली तर नेमक्या डिसेंबर-जानेवारीत त्यांची सावली पॅनेलांवर पडते, आणि भरलेला स्लॅब मग कोणी हलवून देत नाही.